जुन्या टिपरच्या चासीला तडा, हौद्याचा तळ फाटलेला: प्लेट मारायची की कापून नवं घालायचं?

कुडचडे_सहाचाकी

नमस्कार मंडळी. सहा चाकी टिपर आहे, २००७ चं मॉडेल. आधी खनिजावर चालायचा. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा आणि २०१८ च्या मार्चनंतर पुन्हा, असा दोनदा बरेच पावसाळे उघड्यावर उभा राहिला. आता चिरे, खडी आणि भरावाची माती वाहतो. दुखणी अशी:

चासीच्या उजव्या चॅनलला (लांब तुळईला) केबिनच्या मागे, सबफ्रेमचं (चासी आणि हौद्याच्या मधल्या चौकटीचं) पुढचं टोक जिथे संपतं तिथेच तडा आहे. खालच्या फ्लँजच्या (चॅनलच्या आडव्या बाजूच्या) कडेपासून सुरू होऊन उभ्या बाजूत ९० मिमी वर, एका बोल्टच्या भोकापर्यंत गेलाय. तिथे आधीच कुणीतरी बाहेरून १० मिमीची चौकोनी प्लेट चारही बाजूंनी वेल्ड केली होती. नवा तडा त्या प्लेटच्या पुढच्या उभ्या वेल्डला चिकटून गेलाय.

डाव्या बाजूला मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या ब्रॅकेटपाशी, रिव्हेटच्या भोकातून केसासारखी रेष दिसते.

हौद्याचा तळ मूळ ५ मिमीचा. मागच्या भागात ३ मिमी उरलाय आणि दोन क्रॉस मेंबरच्या (तळाखालच्या आडव्या आधारांच्या) मधे फाटलाय. क्रॉस मेंबर ४५० मिमी अंतरावर आहेत. तळाचं माप ३.८ बाय २.२ मीटर. शिवाय ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजलाय.

चासीचा चॅनल उंचीला २२५, फ्लँज ६५, जाडी ६ मिमी. तडा आहे तिथे घासून मोजली तर साडेपाच भरते.

गॅरेजमध्ये सांगतात, दोन्ही बाजूंनी १२ मिमीची प्लेट चौफेर वेल्ड करू आणि हौद्यात जुन्या पत्र्यावरच ८ मिमीचा टाकू. पासिंग दीड महिन्यावर आहे. हे करावं का?

ओळंबा_दोरी

१२ मिमीची प्लेट अजिबात मारू नका. तुमच्या पहिल्या प्लेटनेच कारण दाखवलंय. चासी रस्त्यावर सतत वाकते आणि पिळते, तिने तसं वागणंच अपेक्षित आहे. सहा मिमीच्या चॅनलवर दहाची प्लेट बसली की तेवढा तुकडा ताठ होतो आणि सगळं वाकणं प्लेटच्या टोकाशी गोळा होतं. त्यात टोकाला चॅनलच्या आडवा जाणारा वेल्ड असेल तर त्या वेल्डची कड म्हणजे आयती खाच. तडा तिथूनच निघणार. १२ मिमीची मारलीत तर पुढचा तडा आणखी लवकर येईल, फक्त अर्धा फूट पुढे किंवा मागे.

दुसरं, तडा कुठल्या फ्लँजला सुरू झाला हे बघत जा. दोन धुऱ्यांच्या मधे भरलेली गाडी खाली झोकते, म्हणजे खालची फ्लँज ताणली जाते. मागच्या धुऱ्यावर आणि त्याच्या पाठीमागच्या लोंबत्या भागात उलट, वरची ताणली जाते. तुमचा खालून आलाय आणि नेमका सबफ्रेमच्या टोकाशी आलाय. म्हणजे ओझ्याइतकाच दोष तिथे ताठपणा एकदम बदलतो त्याचा आहे. हा दोष काढला नाही तर कितीही चांगलं वेल्डिंग टिकणार नाही.

वेल्डिंगवाल्याला बोलवण्याआधी एवढं तपासा. गाडी रिकामी करून सपाट काँक्रीटवर घ्या. पुढच्या पाट्याच्या ब्रॅकेटचा एक ठरावीक बोल्ट आणि मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटचा पलीकडच्या बाजूचा बोल्ट, यांच्याखाली ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक ५ मिमीच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर चासी तिरकी झालीय, ती आधी सरळ करून घ्यावी लागेल, नाहीतर वाकडेपणाच वेल्डमध्ये कायम होईल. मग सबफ्रेमचे सगळे यू-बोल्ट हातोडीने ठोकून बघा. घट्ट असलेला खणखणतो, सैल असलेला बद्द वाजतो. सबफ्रेमखालची लाकडी पट्टी स्क्रूड्रायव्हर खुपसून तपासा. सबफ्रेमचं टोक तिरकं कापलंय की सरळ चौकोनी, तेही सांगा.

तड्याचं खरं टोक डोळ्याला दिसत नाही. डाय पेनेट्रंटचे तीन डबे मिळतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. रंग आणि गंज पूर्ण काढून, क्लीनरने पुसून, लाल रंग मारा आणि १५ मिनिटं थांबा. मग क्लीनर थेट फवारू नका, फडक्यावर घेऊन पुसा, नाहीतर तड्यातला रंगही धुऊन जातो. वर पांढरा मारला की लाल रेष उमटते. ती जिथे संपते तिथे सेंटर पंच मारून ठेवा.

कुडचडे_सहाचाकी

तपासलं. कर्णांत ३ मिमीचा फरक आहे. सबफ्रेमचं टोक सरळ चौकोनी कापलेलं. लाकडी पट्टी पुढचे दोन फूट कुजून भुसा झालीय, उजवीकडचे पुढचे दोन यू-बोल्ट हाताने हलतात. लाल रेष बोल्टच्या भोकाच्या पलीकडे आणखी १४ मिमी गेलीय. डावीकडची रेष २२ मिमी.

वेल्डर ६०१३ चे रॉड वापरतो. चालतील का?

लोहरस

६०१३ चासीला नको. तो रॉड सोपा, दिसायला वेल्ड छान, पण जोडात हायड्रोजन जास्त सोडतो आणि जोड झटके तेवढे सोसत नाही. ७०१८ घ्या, म्हणजे लो हायड्रोजन. डीसी मशीन, रॉड प्लसला. ३.१५ मिमीच्या रॉडला साधारण १०० ते १३० अँपिअर, २.५ ला ७० ते १००, पाकिटावर लिहिलेली मर्यादा बघून. आपल्याकडच्या दमट हवेत हा रॉड उघडा राहिला की पाणी पितो. सील फोडल्यावर चार तासांत वापरा. त्याहून जास्त उघडा राहिला तर ओव्हनमध्ये ३०० अंशांच्या आसपास तासभर भाजून घ्या. उन्हात ठेवून तो सुकत नाही. मिगने (गॅस सोडत तारेने होणाऱ्या वेल्डिंगने) करणार असाल तर आडोसा करा, वारा गॅस उडवतो आणि जोडाला बारीक भोकं पडतात.

आता क्रम. बॅटरीची दोन्ही टोकं काढा, अल्टरनेटरच्या वायरी सोडा. ब्रेकचे नायलॉनचे पाइप आणि वायरिंग त्या जागेपासून दोन फूट तरी बाजूला बांधा, डिझेलची टाकी जवळ असेल तर उतरवा. हौदा उचलून काम करायचं तर त्याला पक्का लोखंडी टेकू द्या. हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणीही खाली जायचं नाही, पाइप फुटला की हौदा एका क्षणात बसतो. अर्थचा क्लॅम्प तड्याच्या शेजारीच, घासून चमकवलेल्या जागी. तो लांब लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा जॅकच्या क्रोम दांड्यातून जातो आणि तिथे खड्डे पडतात.

तड्याच्या दोन्ही बाजूंना चॅनलखाली जॅक लावून हळूहळू उचला. तडा बंद झाला आणि दोन्ही कडा एका पातळीत आल्या की थांबा. जुनी प्लेट ग्राइंडरने काढा, गॅस कटरने नको, खालच्या चॅनलला आच लागते. तिच्या वेल्डचे सगळे अवशेष घासून सपाट करा. पंच मारलेल्या टोकाच्या दोन-तीन मिमी पुढे ६ मिमीचं भोक पाडा. तड्याचं टोक त्या भोकात संपलंच पाहिजे, नाहीतर भोक वाया.

मग तडा व्ही आकारात घासा, दोन्ही उतार मिळून ६० अंश, तळाशी २ ते ३ मिमी फट. मागे तांब्याची पट्टी दाबून धरा. तांबं वेल्डला चिकटत नाही आणि मागची बाजू साफ भरते. सुरुवात बंद टोकाकडून, म्हणजे त्या ६ मिमीच्या भोकाकडून, आणि शेवट फ्लँजच्या मोकळ्या कडेला. त्यामुळे आकसण्याला वाट मिळते.

सगळ्यात नाजूक जागा फ्लँजची कड. वेल्ड तिथे संपवला तर शेवटी खळगा राहतो आणि तो खळगा म्हणजे पुढच्या तड्याचा जन्म. म्हणून फ्लँजच्या कडेला त्याच जाडीचा दीड-दोन इंचाचा तुकडा टाक्यावर लावा, तोही व्ही केलेला, आणि वेल्ड त्या तुकड्यात नेऊन संपवा. नंतर तुकडा कापून कड घासा. खालच्या फ्लँजचं काम डोक्यावरचं आहे, तिथे २.५ चा रॉड. दोन-तीन थरांत करा, प्रत्येक थराची कीट छिन्नीने आणि ब्रशने पूर्ण काढा. हाताला धग सोसेल इतपत निवल्यावर पुढचा थर. पाणी ओतू नका. पावसात काम असेल तर सुरुवातीला गॅसने जागा कोमट करून ओल उडवा.

जुनं बोल्टचं भोक तड्यातच आहे, ते वेल्डने पूर्ण भरा. शेवटी दोन्ही बाजू चॅनलशी सपाट घासा, आणि घासण्याचे ओरखडे चॅनलच्या लांबीच्या दिशेने जाऊ द्या. आडवा ओरखडा ताणाच्या वाटेत येतो. पुन्हा एकदा लाल रंग मारून बघा. रेष दिसली तर तेवढं काढून परत करा.

डावीकडे त्या ब्रॅकेटचे सगळे रिव्हेट काढा, फक्त सैल असलेले नव्हे. तडा व्ही करून, भोक भरून, घासून, मग ब्रॅकेट बसवून नवीन भोक पाडा. तिथे मूळ कारण बहुतेक झिजलेली पिन किंवा बुश असतं. पाटा ब्रॅकेटमध्ये आपटतो आणि रिव्हेट सैल होतात. पिन, बुश आणि पाट्याचे यू-बोल्ट बदलल्याशिवाय ब्रॅकेट परत बसवू नका.

बॉडीवाला_फोंडा

वरच्या वेल्डिंगच्या माहितीत भर घालण्यासारखं काही नाही, पण एवढ्यावर थांबू नका. वेल्डनंतर आतून एल आकाराची पट्टी द्या. जाडी ५ मिमी, चासीपेक्षा जास्त नको. चॅनलच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे तड्याच्या पुढे ४५० आणि मागे ४५०, एकूण ९०० ते १००० मिमी. दोन्ही टोकं ४५ अंशांत तिरकी आणि फ्लँजकडचा भाग टोकाकडे निमुळता. टोक सबफ्रेमच्या टोकाशी, क्रॉस मेंबरशी किंवा एखाद्या ब्रॅकेटशी जुळू देऊ नका, प्रत्येक शेवट वेगळ्या जागी हवा.

पट्टी प्रेसवर वाकवून घेताना एक गोष्ट बघा. चॅनलच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई असते. पट्टीचा बाहेरचा कोपरा त्याहून टोकदार असेल तर तो गोलाईवर चढतो आणि उभ्या बाजूला दोन-तीन मिमी फट राहते. बोल्ट आवळले की फट मिटल्यासारखी दिसते, पण पट्टी कायमची ताणात बसते. म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा, मग पट्टी कोरडी बसवून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा, आणि मगच भोकं.

बोल्ट फक्त उभ्या बाजूत. फ्लँजला एकही भोक नाही, एकही वेल्ड नाही. १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) एम १४, म्हणजे १४ मिमीचे, भोक आधी १३ ने पाडून १४ ला रीमर करा (रीमरने घासून नेमक्या मापाला आणा) म्हणजे बोल्ट ठोकून बसेल. ढिल्या भोकात बोल्ट घसरतो आणि काही दिवसांत भोक लंबगोल होतं. फ्लँजच्या बाहेरच्या कडेपासून भोक किमान ४० मिमी दूर, दोन भोकांत किमान ६० मिमी, आणि एका उभ्या रेषेत न पाडता वरखाली सोडून. कडक वॉशर आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट, साधारण १८० न्यूटन-मीटर. स्प्रिंग वॉशर या ग्रेडला नको.

बसवण्याआधी दोन्ही अंगांना झिंक प्राइमर मारा आणि कडा सीलंटने बंद करा. उघड्या दोन पत्र्यांत पाणी शिरलं की गंज फुगतो आणि १०.९ च्या बोल्टांतही पट्टी वाकवून दूर ढकलतो.

आता सबफ्रेम. तिचं टोक वरून ३० अंशांत तिरकं कापा, खालची फ्लँज रुंदीला निमुळती करा आणि टोकाची खालची धार दोन मिमी घासून उचला, म्हणजे ती चासीवर टोचणार नाही. शक्य असेल तर सबफ्रेम पुढच्या पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटपर्यंत वाढवा. कुजलेली लाकडी पट्टी पूर्ण बदला, तुकडा जोडू नका. पुढच्या जोडाला स्प्रिंगचे बोल्ट द्या, चासी पिळली की तिथे थोडी जागा हवी असते. यू-बोल्ट येतो तिथे चॅनलच्या पोटात लोखंडी ठोकळा ठेवा, नाहीतर आवळताना फ्लँज आत वळते आणि बोल्ट आपोआप सैल पडतो.

डिचोली_दहाचाकी

पण बोल्टपेक्षा वेल्ड घट्ट नाही का? बोल्ट तर सैल होणारच.

बॉडीवाला_फोंडा

रीमर केलेल्या भोकात ठोकून बसवलेला १०.९ चा बोल्ट सैल होत नाही, साध्या ड्रिलच्या भोकातला होतो. वेल्ड घट्ट असतो हे खरं, पण वेल्डशेजारचं लोखंड आच लागून बदलतं आणि तडा तिथून निघतो. बोल्टच नको असेल तर पट्टीच्या लांबीच्या दिशेने ५० मिमीचे टाके, मधे १०० मिमी सोडून, आणि टोकांपासून २५ मिमी आधी थांबा. तिरक्या टोकांवर वेल्ड नाही. चढाचं भरलेलं काम असेल, चोर्ला किंवा अनमोड घाटाची फेरी असेल, तर मी बोल्टच सांगेन.

लोहरस

हौद्याचं. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा घालणं ही वाईट सवय आहे. दोघांच्या मधे पाणी आणि बारीक माती अडकते. उन्हाळ्यातही ती ओलसर राहते आणि वरून धडधाकट दिसणारा तळ खालून कुजत जातो. तुमच्या गाडीच्या चॅनलच्या पोटातही खनिजाची भुकटी चिखल होऊन बसलेली असेल, तीही खरवडून काढा.

वजन मोजा. लोखंडी पत्रा प्रत्येक मिमीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो. तुमचा तळ ८.३६ चौरस मीटर. ५ मिमीचा ३२८ किलो, ६ चा ३९४, ८ चा ५२५. शिवाय जुना पत्रा खाली तसाच ठेवला तर त्याचं वजन आणखी. तेवढा माल दर फेरीला कमी, पासिंगच्या वजनात.

पत्रा जाड करण्यापेक्षा क्रॉस मेंबरमधलं अंतर कमी करा. ४५० चं २२५ केलं तर एका जागी आपटलेल्या दगडाखाली तोच पत्रा सुमारे चौपट कमी वाकतो. ७५ बाय ४० चा चॅनल मीटरला सुमारे ७ किलो, २.२ मीटरचा एक नग साडेपंधरा किलो. आठ नग मधे घातले तर १२५ किलो. म्हणजे ५ मिमीचा नवा पत्रा आणि आठ चॅनल मिळून ४५३ किलो, ८ मिमीच्या नुसत्या पत्र्यापेक्षा हलकं आणि चिऱ्यांच्या, खडीच्या आपटीला जास्त सोसणारं. मागचा एक मीटर, जिथून माल घसरतो, तिथे झीज जास्त. तेवढाच ६ मिमीचा घ्या.

पत्र्याचे आडवे जोड क्रॉस मेंबरवरच येऊ द्या, मधे लटकते नकोत. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा, खालून ५० मिमीचे टाके १५० मिमीच्या अंतराने, उजवं-डावं आलटून पालटून. एका रेषेत सलग ओढलात तर पत्रा लाट धरतो आणि नंतर बसत नाही. वरून मात्र चौफेर सलग वेल्ड, पाणी खाली जाऊ नये म्हणून. तळ आणि बाजूंच्या कोपऱ्यात ४५ अंशांची पट्टी द्या, लाल माती कोपऱ्यात चिकटून राहत नाही. पट्टीची दोन्ही टोकं बंद करा, नाहीतर ती पाण्याचा पाइप होते.

खारे_वारे

केबिनचा पत्रा: आधी केबिनचे रबर बुश बघा. ते बसले असतील तर नवा पत्राही तिथेच फाटेल. चमकदार लोखंड लागेपर्यंत कापा, १.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, २५ मिमी चढवून, ६ मिमीची भोकं ४० मिमी अंतरावर पाडून त्यातून टाके. खालून वायरिंग जातं, ते आधी उतरवा. कडा सीलंटने बंद करा आणि रबर मॅटखालचा काथ्या फेकून द्या, तोच पाणी धरून ठेवतो.

रंगाआधी गाडी गोड्या पाण्याने, प्रेशरने खालून धुऊन पूर्ण सुकवा. किनाऱ्याजवळ उभी राहणारी गाडी असेल तर हे दोनदा करा, आणि मासळीच्या गाड्यांना तर प्रत्येक फेरीनंतर. बर्फाचं खारं पाणी क्रॉस मेंबरच्या जोडात बसतं आणि मिठावर मारलेला रंग फोड धरून सुटतो. झिंक प्राइमर, वर इपॉक्सीचे दोन हात. जळकं ऑइल चोपडू नका, ते ब्रेकच्या रबरी पाइपांना खातं आणि त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. चॅनलची पाणी जाण्याची भोकं रंगाने बुजणार नाहीत हे बघा.

ओळंबा_दोरी

पासिंगबद्दल. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, त्यामुळे हे काम दिसणारच आहे. व्यवस्थित केलेली दुरुस्ती लपवायची गरज नाही. चासी नंबर पंच केलेल्या जागी ग्राइंडर, वेल्ड किंवा जाड रंग लागू देऊ नका, काम सुरू करण्याआधी त्यावर टेप लावा. अख्खा चॅनल बदलायची वेळ आली किंवा व्हीलबेस, हौद्याची उंची यांत बदल होणार असेल, तर कापण्याआधी वाहतूक खात्याच्या कचेरीत लेखी परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरच्या माहितीशी न जुळणारा बदल चालत नाही.

कुडचडे_सहाचाकी

देव बरें करूं. १२ मिमीची प्लेट रद्द. ७०१८ चा रॉड आणि एल पट्टी ठरवलीय, तळाला ५ मिमी आणि आठ चॅनल. शेवटचं एक: काम झाल्यावर लगेच भरून चालवू का?

बॉडीवाला_फोंडा

पहिल्या दोन फेऱ्या अर्ध्या मालाच्या. मग सबफ्रेमचे आणि पाट्याचे यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, नवी लाकडी पट्टी बसते म्हणून ते सैल होतातच. ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा. एल पट्टीच्या प्रत्येक बोल्टवर नटपासून चॅनलपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरलाय. पट्टीच्या दोन्ही टोकांपुढचा वीतभर भाग आणि वेल्डची जागा महिन्याने धुऊन बघा. रंगातून तांबूस पाणी ओघळलेलं दिसलं तर लाल रंगाचे डबे पुन्हा काढा.